गरोदरपणातील साखर : दोन वेळा तपासून घ्या

उसाचा उतारा आपण टक्क्यात मोजतो. घरच्या गरोदर सुनेच्या रक्तातली साखर मात्र “तिला काही त्रास नाही” म्हणून राहून जाते. त्रास जाणवत नाही, हीच तर मेख आहे. वारेतून निघणारे रस इन्सुलिनचे काम अडवतात, म्हणून गोड न खाणाऱ्या बाईचीही साखर चढू शकते. मग मूल अंगाने फार वाढते, बाळंतपण अडते; जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरण्याची भीती असते.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त पाहतात. आकडा १४० किंवा जास्त आला की साखर आहे असे धरतात. उपाशी जावे लागत नाही, हे खेड्यातून एस.टी.ने येणारीच्या सोयीचे. पहिली तपासणी नाव नोंदवतानाच, दुसरी २४ ते २८ आठवड्यांत. ही दुसरी सहज हुकते. तोडणीच्या टोळीतल्या बायांची तर जास्तच, तोवर मुक्काम हललेला असतो. मुकादमांनी एवढी तारीख ध्यानात ठेवावी. २०१६ पासून सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी फुकट होते.

साखर निघाली तर आधी दोन आठवडे आहार सांभाळतात. न उतरल्यास औषध किंवा इन्सुलिन. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे.