जुनी हायब्रिड की स्पोर्ट सेदान?



पालकसभेनंतर एका पालकांनी विचारले, "सर, जुनीच गाडी घ्यायची आहे. 2019 ची बलेनो स्मार्ट हायब्रिड घेऊ की 2022 ची व्हर्टस जीटी?" मुलाला अर्थातच व्हर्टस हवी होती!

आधी 'हायब्रिड' म्हणजे काय ते पाहू. ब्रेक लावला की गाडीची गतिज ऊर्जा एरवी उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिडमध्ये तिचा काही भाग वीज होऊन बॅटरीत साठतो. पण बलेनोतील मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. त्यामुळे वापी-सिल्वासा रस्त्यावरच्या गर्दीत थोडे पेट्रोल वाचेल. खानवेलकडे मोकळ्या रस्त्यावर फरक नगण्य.

व्हर्टस जीटीचे 1.5 लिटर टर्बो इंजिन सुमारे 150 अश्वशक्तीचे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे नववीच्या विज्ञानात आहेच. मात्र 2023 च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत व्हर्टसला पाच तारे मिळाले, आणि 2019 च्या बलेनोत एअरबॅग दोनच. म्हणून केवळ पेट्रोलसाठी बलेनो घ्या, असे मी म्हणणार नाही. वडील चालवणार असतील तर व्हर्टस. पण पुढच्या वर्षी अठरा पूर्ण होताच चिरंजीव चावी मागणार असतील, तर बलेनोच बरी. तारे गाडीला मिळालेत, चालवणाऱ्याला नाहीत.

गाडी वापीहून किंवा महाराष्ट्रातून आणणार असाल, तर तेथील आरटीओचा ना-हरकत दाखला आधी हातात घ्या. नावबदलाची नोंद खरेदीनंतर 30 दिवसांत द्यावी लागते. डीएन-09 क्रमांकाची जुनी गाडी मिळाली, तर दाखल्याची धावपळ वाचते.