उंदीर दोष कुणाला देतो?

अमेरिकी नौदलाच्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या प्रयोगशाळेत जॉन गार्सिया उंदरांवर किरणोत्साराचे परिणाम तपासत होते. किरण सोडायच्या कोठडीत उंदीर पाणी कमी पीत, आपल्या पिंजऱ्यात मात्र नेहमीसारखे. फरक बाटल्यांचा होता. कोठडीतल्या प्लास्टिकच्या बाटल्यांची चव पाण्याला लागत होती आणि किरणांमुळे होणाऱ्या मळमळीचं खापर उंदरांनी त्या चवीवर फोडलं होतं. मग सॅकरिनचं गोड पाणी देऊन प्रयोग झाला, आणि 1955 साली तो छापून आला. एरवी आवडीचं ते पाणी उंदरांनी टाकलं. सॅकरिन बिचारं निर्दोष होतं!

1966 साली गार्सिया आणि त्यांचे सहकारी कोलिंग यांनी पुढचा प्रश्न विचारला: दोष चवीलाच का? त्यांनी गोड पाण्याच्या प्रत्येक घोटासरशी दिवा लुकलुकेल आणि टकटक होईल अशी सोय केली. ज्या उंदरांना नंतर आजारी पाडलं त्यांनी गोड चव टाळली. दिवा-आवाजाचं त्यांना काहीच वाटलं नाही. ज्यांच्या पायाला विजेचा झटका दिला ते उलट दिवा-आवाजाला बिचकू लागले, गोड पाणी पीत राहिले. शिवाय चव आणि मळमळ यांत तासाभराहून जास्त अंतर पडलं तरी धडा पक्का बसत होता. कुठलीही खूण चालते, पण परिणाम लागोपाठच हवा, असं मानणाऱ्या, पावलोव्हच्या कुत्र्यांवर पोसलेल्या अभ्यासकांना हे पटेना. गार्सियांचे लेख नियतकालिकांकडून साभार परत येत.

जिभेकडून येणारी चवीची खबर आणि पोटाकडून येणारी बिघाडाची खबर मेंदूच्या देठातल्या एकाच केंद्रात पोचते, तिथून वर जाते. रोजच्या ओळखीच्या चवीवर सहसा आळ येत नाही, नवख्या चवीवर येतो. यात विचार करून काढलेला निष्कर्ष नाही, नुसती शिसारी आहे. दाणे नजरेनं टिपणारा लावा पक्षी मात्र पाण्याच्या रंगालासुद्धा दोष देतो.

उंदराला ओकता येत नाही, म्हणून नवं खाणं तो आधी चाखण्यापुरतंच खातो. झिंक फॉस्फाइड हे उंदीर मारायचं विष काही तासांतच त्रास देतं. थोडं खाऊन वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा शिवत नाही. ब्रोमाडिओलोन या दुसऱ्या विषाचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, तोवर खाल्लेल्याशी त्याचा संबंध लागत नाही. तेव्हा शेतात झिंक फॉस्फाइड वापरणार असाल, तर आधी दोन-तीन दिवस तेल लावलेला बिनविषारी भरडा ठेवा, आणि त्याची चव ओळखीची झाल्यावर मगच त्यात विष मिसळा.