मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी?

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की वस्तीत दीक्षाभूमीला जायची तयारी सुरू होते. "मोठीच गाडी करा, मोठ्या गाडीत भीती नसते," असं सगळेच म्हणतात. हे अर्धंच खरं आहे.

दोन गाड्यांची टक्कर झाली तर जड गाडीतल्यांना मार कमी लागतो, हलक्या गाडीतल्यांना जास्त. म्हणजे धोका संपत नाही, तो समोरच्याच्या अंगावर जातो. देशात 2022 मध्ये रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यांतले जवळपास दोन तृतीयांश दुचाकीवरचे किंवा पायी चालणारे होते. म्हणजे आपलीच माणसं.

गाडी दुभाजकाला धडकली किंवा उलटली, तर मोठेपणा कामी येत नाही. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस दाराच्या बाजूवर उलटली आणि पेटली. दार खाली दबलं. 25 जण गेले. काच फोडून निघता आलं ते वाचले. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला वैजापूरजवळ मिनीबस ट्रकवर आदळून 12 जण गेले. 17 आसनांच्या त्या गाडीत 35 माणसं होती.

गाडी एकदम थांबते, पण आतलं शरीर त्याच वेगानं पुढे फेकलं जातं. वेग दुप्पट झाला की माराची ताकद चौपट होते. पट्टा नसेल तर डोकं, छाती आणि मान सापडते. टपावर सामान आणि माणसं चढवली की गाडी लवकर उलटते. पिकअप किंवा ट्रकमध्ये तर पट्टाही नाही आणि धड आसनही नाही. शिवाय मालवाहू गाडीतल्या प्रवाशाला विम्याची भरपाई सहसा मिळत नाही. घरचा कमावता गेला तर पाठीमागे काय उरतं?

म्हणून गाडी ठरवताना एवढं बघा :

• आसनं तेवढीच माणसं. वर्गणी थोडी वाढली तरी चालेल.
• लांबच्या रात्रीच्या प्रवासाला दोन चालक. पेंगणाऱ्याला थांबवा, चहा पाजा, झोपू द्या.
• बसल्याबरोबर संकटकाळचं दार, काच फोडायची हातोडी आणि अग्निशामक कुठे आहे ते बघा. दारासमोर सामान ठेवू नका.
• पट्टा असेल तर मागच्यांनीही लावा.
• मोटारसायकलवर दोघांनीही हेल्मेट घाला.

अपघात दिसला तर आधी 108 लावा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. आग किंवा दुसरा धोका नसेल तर जखमीला ओढू नका, मान हलवू नका, पाणी पाजू नका. पोलिसांना भिऊन मागे सरू नका. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात तसं संरक्षण आलं आहे.

पाचवं शील आपण रोज म्हणतो. चालक प्यायलेला असेल तर गाडीत चढू नका आणि लेकरांनाही चढू देऊ नका. पहिल्या शीलाचं पालनही त्यातच आहे.