ओव्हरटाइम सोडून पगारी नोकरी घ्यावी का? आकडा महिन्याचा नको, तासाचा काढा

मुळशी तालुक्यातील मारुंजी हिंजवडी आयटी पार्कला चिकटून असली, तरी इथल्या भाड्याच्या खोल्यांत फक्त संगणक अभियंते राहत नाहीत. चाकण, भोसरी, तळेगावच्या कारखान्यांत कंत्राटदारामार्फत काम करणारे ऑपरेटर, फिटर, सुरक्षारक्षक यांचीही मोठी वस्ती आहे. त्यांचा हिशेब महिन्यावर नव्हे, ड्यूटीवर आणि तासांवर चालतो. आठ तासांची हजेरी आणि वर ओटी. अशा तरुणाला ‘कंपनी रोल’वर किंवा ‘स्टाफ’ म्हणून बांधील पगाराची नोकरी चालून आली, की पहिला प्रश्न पडतो तो एकच. आत्ता हातात जास्त येतात, मग कमी पैशांत जायचे कशाला?

आकडे काय सांगतात?

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एका सीएनसी ऑपरेटरला आठ तासांच्या हजेरीचे ५६० रुपये मिळतात, म्हणजे तासाला ७० रुपये. महिन्याच्या २६ हजेऱ्यांचे १४,५६० रुपये झाले. ड्यूटी मात्र बारा तासांची आहे. रोजचे चार तास जास्त, म्हणजे महिन्याला १०४ तास ओटी. कंत्राटदार ‘सिंगल ओटी’ देत असेल, तर त्याचे ७,२८० रुपये. एकूण २१,८४० रुपये.

आता त्याला १९ हजार रुपये ग्रॉस पगाराची, आठ तासांची नोकरी मिळते आहे. वरवर पाहता २,८४० रुपयांचा तोटा. पण जुन्या ठिकाणी तो महिन्याला ३१२ तास राबतो, नव्या ठिकाणी २०८. जुना दर तासाला ७०, नवा ९१ रुपये. याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहिले, तर जुन्या नोकरीतले जादा १०४ तास तो २,८४० रुपयांसाठी देतो. तासाला २७ रुपये पडले. मारुंजीहून वाकड, नाशिक फाटा, मोशी करत चाकण गाठणाऱ्याने बसमधले तासही यात धरले, तर बारा तासांच्या ड्यूटीनंतर दिवसात झोपेपुरताच वेळ उरतो. आयटीआय झालेल्याला डिप्लोमा करायचा असेल, तर तो याच १०४ तासांतून काढावा लागतो.

अर्थात ज्याच्या घरी दर महिन्याला ठरलेली रक्कम पाठवावीच लागते, त्याच्यासाठी २,८४० रुपये ही लहान रक्कम नाही. त्याला तासाचा दर दाखवून उपयोग नाही. पण निर्णय घेताना तो काय विकतो आहे, हे त्याला माहीत असायला हवे.

‘सिंगल ओटी’ कायदेशीर आहे का?

नाही. इथेच बहुतेकांचा हिशेब मुळात चुकतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ नुसार दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झाले, तर त्या जादा तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट मोबदला द्यावा लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांतही दुप्पट दर कायम आहे आणि ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमती लागते. वरच्या उदाहरणात आठवड्याचे ४८ तास हजेरीतच भरतात, त्यामुळे ओटीचे सगळे १०४ तास दुप्पट दराचे. त्यांचे १४,५६० रुपये व्हायला हवेत आणि महिन्याची कमाई २९,१२० रुपये. कंत्राटदाराने पैसे थकवले, तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्या कंपनीत काम चालते तिच्यावर येते.

दुसरी अडचण तासांची आहे. महाराष्ट्रात तिमाहीला ११५ तास ओव्हरटाइमची मर्यादा होती. ती १४४ तासांवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. रोज चार तास ओटी धरली, तर तिमाहीचे ३१२ तास होतात, म्हणजे वाढीव मर्यादेच्याही दुपटीहून जास्त. ज्या ओटीच्या भरवशावर पगारी नोकरी नाकारली जाते, ती ओटी कागदावर बहुधा नसतेच. अपघात झाला, की त्या वेळी कामगार आत होता की नाही, यावरच वाद सुरू होतो.

ओटी किती दिवस टिकते?

कंपनीच्या ऑर्डर टिकतील तितके दिवस. २०१९ च्या वाहन उद्योगातील मंदीत पिंपरीत टाटा मोटर्सने ‘ब्लॉक क्लोजर’ घेतले होते. चिपटंचाईमुळे महिंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये वाहन प्रकल्पांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे जाहीर केले होते. मोठी कंपनी सात दिवस थांबली, की तिला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान युनिटमधली ओटी आधी जाते, मग हजेरी. हजेरीपटावर नाव असलेल्या आणि सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराला ले-ऑफच्या काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळण्याची तरतूद आहे. पण ती ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी, आणि बदली कामगारांना ती लागू नाही. तासावर काम करणारे बहुतेकजण या चौकटीबाहेर पडतात.

म्हणून तुलना चांगल्या महिन्याशी करू नये. मागच्या बारा महिन्यांची बँकेत जमा झालेली रक्कम काढून तिची सरासरी घ्यावी. दिवाळीला गावी गेलेला आठवडा, आजारपण, कंपनी बंदचे दिवस हे सगळे त्यात आपोआप येते.

१९ हजार नेमके कशाचे?

ऑफर लेटरवरचा आकडा ग्रॉस आहे की सीटीसी, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९ हजार सीटीसी असेल आणि पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापला जात असेल, तर मालकाच्या वाट्याचे १,८०० रुपये आणि ३.२५ टक्के ईएसआय त्यातूनच जातात. मग कामगाराचा स्वतःचा पीएफ १,८००, ईएसआय ०.७५ टक्के आणि व्यवसाय कर २०० रुपये. हातात साडेचौदा हजारांच्या आसपास पडतात. ग्रॅच्युइटीही सीटीसीत धरली असेल, तर १४ हजारांच्याही खाली. जुन्या नोकरीत रीतसर कपात झाल्यावर सुमारे १९,७०० हाती येत असतील, तर हा फरक पाच हजारांचा आहे आणि तो दर महिन्याला जाणवतो.

त्याची दुसरी बाजूही आहे. पीएफ कापताना ओव्हरटाइमची रक्कम धरली जात नाही. २१,८४० कमावणाऱ्याचा पीएफ १४,५६० वरच जमा होतो. ओटीतून आलेले पैसे खर्चून संपतात, निवृत्तीसाठी त्यातले काहीच मागे पडत नाही.

ईएसआयची रेष कुठे आहे?

महिन्याला २१ हजार रुपयांवर. ही मर्यादा तपासताना ओव्हरटाइम धरत नाहीत, त्यामुळे बारा तास राबणारा ऑपरेटर ईएसआयमध्ये राहतो. पगारी नोकरीत मात्र वेतन २१ हजारांच्या वर गेले, की चालू अंशदान कालावधी संपल्यावर संरक्षण थांबते. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. ईएसआयमध्ये अवलंबून असलेल्या आईवडिलांवरही चिंचवडच्या मोहननगर येथील ईएसआय रुग्णालयात उपचार होतात आणि आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील असतीलच असे नाही. घरात मधुमेही वडील असतील, तर पाचशे-हजार रुपयांची वाढ महागात पडू शकते. मुलाखतीत पगारावर घासाघीस होते, मेडिक्लेममध्ये कोण कोण आहे हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

‘सुपरवायझर’ केले तर?

सगळ्यात जपून पाहायची गोष्ट ही. अनेक छोट्या कंपन्यांत ऑपरेटरला ‘लाइन सुपरवायझर’ किंवा ‘स्टाफ’ असे पदनाव देऊन पगार बांधून देतात. व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत पर्यवेक्षकाचे काम करणारी आणि महिन्याला १८ हजारांपेक्षा जास्त वेतन घेणारी व्यक्ती ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही, आणि दुप्पट ओटीचे कलम कामगारासाठी आहे. मग काम सुटण्याची वेळ कोणी पाळत नाही. वरच्या उदाहरणातला माणूस १९ हजारांत रोज अकरा तास थांबू लागला, तर त्याचा दर तासाला ६६ रुपयांवर येतो, म्हणजे जुन्या ७० पेक्षाही कमी. बढतीचे पेढे वाटून झालेले असतात, त्यामुळे हे कोणाला सांगायचीही सोय राहत नाही.

पदनाव सुपरवायझरचे असले तरी प्रत्यक्षात मशिनच चालवायला लावत असतील, तर वादात न्यायालये पदनाव नव्हे, काम पाहतात. रजा मंजूर करण्याचा, कामाचे वाटप करण्याचा अधिकार खरोखर आहे का, हे त्यात महत्त्वाचे ठरते. मात्र तिथवर जाण्यापेक्षा त्याच विभागात आधीपासून ‘स्टाफ’ असलेल्या एखाद्याला तो रात्री किती वाजता घरी पोहोचतो, हे विचारणे सोपे.

नोकरी ठरावीक मुदतीची, म्हणजे ‘फिक्स्ड टर्म’ असेल, तरी लगेच नाक मुरडण्याचे कारण नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार अशा कामगाराला एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी मिळते. कायम कामगारासाठी पाच वर्षांची अट आहे. कंत्राटदार बदलत राहणाऱ्याला ती पाच वर्षे एका नावाखाली भरणे कठीणच. नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे, त्यामुळे कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि वेतनाचे घटक त्यात लिहून मागता येतात.

सोडताना काय पाहावे?

जुन्या कंत्राटदाराने पीएफ खरोखर भरला का, हे ‘उमंग’ अ‍ॅपवरच्या पासबुकमध्ये दिसते. यूएएन तोच ठेवून रक्कम नव्या खात्यात वळवावी, काढू नये. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजताना ती कामी येते. हजेरी कार्डाचे आणि ओटीच्या नोंदींचे फोटो राजीनाम्याआधीच काढून ठेवावेत, कारण गेटपास जमा झाला की ते मिळत नाहीत. थकीत ओटीसाठी पुण्यातील कामगार आयुक्त कार्यालयाकडे अर्ज करता येतो. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत शेवटचे वेतन द्यावे लागते. आणि दिवाळीच्या आधी नोकरी सोडली म्हणून बोनस बुडत नाही. ठरलेल्या वेतनमर्यादेतील ज्याने त्या हिशेबी वर्षात किमान ३० दिवस काम केले, त्याचा किमान ८.३३ टक्के बोनस जुन्या मालकाकडे येणे राहतोच.