बहुपुटी मूत्रपिंडविकारातील हृदय व रक्तवाहिन्या

बहुपुटी मूत्रपिंड, म्हणजे व्यवहारातील ‘पॉलिसिस्टिक किडनी’, हा केवळ मूत्रपिंडाचा विकार समजण्याची चूक वारंवार होते. वस्तुतः मूत्रपिंड निकामी झालेल्या या रुग्णांच्या मृत्यूचे प्रमुख कारण हृदयविकार हेच असते.

विकाराचे प्रभावी रूप मुख्यतः दोन जनुकांतील दोषाने उद्भवते. सोळाव्या गुणसूत्रावरील पीकेडी-१ हे १९९४ साली आणि चौथ्यावरील पीकेडी-२ हे १९९६ साली ओळखले गेले. त्यांची प्रथिने मूत्रनलिकांप्रमाणेच रक्तवाहिन्यांच्या अस्तरात व स्नायूंतही आढळतात. त्यामुळे वाहिन्यांची भित्ती मुळातच दुबळी राहते.

रक्तदाबाची कथा अधिक उद्बोधक आहे. फुगणाऱ्या पुटींखाली सूक्ष्म रोहिण्या दबतात, त्या भागास रक्त अपुरे पोचते आणि मूत्रपिंड रेनिन स्रवू लागते. त्यातून निर्माण होणाऱ्या अँजिओटेन्सिनमुळे रोहिण्या आकुंचन पावतात व शरीरात मीठ साठते. निम्म्याहून अधिक रुग्णांत, क्रिएटिनिन अद्याप प्राकृत असतानाच, तिशीच्या सुमारास रक्तदाब चढलेला असतो. क्रिएटिनिनचा आकडा पाहून निश्चिंत होणे म्हणूनच धोक्याचे. तोवर हृदयाचा डावा कप्पा जाड होऊ लागलेला असतो.

मेंदूतील रोहिणीचा फुगवटा सर्वसाधारण लोकांत शेकडा दोन-तीन, तर या रुग्णांत सुमारे दहा आढळतो. घराण्यात मेंदूतील रक्तस्राव झालेला असल्यास एमआरआयने तपासणी करणे इष्ट. हृदयाची द्विदल झडप सैल पडणेही या रुग्णांत अधिक दिसते.

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या हॉल्ट-पीकेडी चाचणीत, मूत्रपिंडकार्य शाबूत असलेल्या तरुण रुग्णांचा रक्तदाब ११०/७५ पर्यंत वा त्याखाली राखला असता मूत्रपिंडांची वाढ मंदावली व डाव्या कप्प्याचे वस्तुमान अधिक घटले. मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेत मात्र एकंदरीत लक्षणीय फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील इरावती कर्वे यांनी आपल्या १९५३ च्या ग्रंथात मामेबहिणीशी विवाहाची महाराष्ट्रातील रूढी नोंदविली आहे. अशा विवाहाने विकाराच्या अप्रभावी, बालवयात प्रकटणाऱ्या रूपाचा संभव वाढतो. प्रभावी रूपास एकाच पालकाकडील दोष पुरतो. प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी. साहजिकच मूत्रपिंड देण्यास पुढे आलेल्या सख्ख्या भावाचीही आधी याच विकारासाठी तपासणी करावी लागते, आणि पुष्कळदा त्याच्या दंडावर रक्तदाबमापकाचा पट्टा प्रथमच बांधला जातो तो त्या दिवशी.