किरकोळ शब्दांची साक्ष

एप्रिल २०१३मध्ये ब्रिटनमध्ये ‘द कुकूज कॉलिंग’ ही रहस्यकथा प्रसिद्ध झाली. लेखक रॉबर्ट गॅलब्रेथ. सैनिकी पोलिसांत तपासाचे काम केलेला आणि आता खासगी सुरक्षा व्यवसायात असलेला गृहस्थ, अशी त्याची ओळख करून दिली होती. परीक्षणे चांगली आली, खप मात्र बेताचा. पक्क्या बांधणीच्या जेमतेम दीड हजार प्रती गेल्या. जुलैमध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ला ट्विटरवरून एक निनावी सुगावा लागला: हा गॅलब्रेथ म्हणजे हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग.

धागेदोरे जुळत होते. दोघांचा एजंट एक, संपादक एक, प्रकाशनसमूहही एकच. पण एवढ्यावर बातमी छापणे धोक्याचे होते. म्हणून वृत्तपत्राने दोन अभ्यासकांना गाठले: ऑक्सफर्डचे पीटर मिलिकन आणि अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठाचे पॅट्रिक जुओला. या दोघांनी कथानक, पात्रे, विनोद यांकडे पाहिलेच नाही. त्यांनी शब्द मोजले.

जुओलांपुढे गॅलब्रेथची कादंबरी होती आणि तुलनेसाठी चार लेखिकांच्या कादंबऱ्या: रोलिंग यांची ‘द कॅज्युअल व्हेकन्सी’, आणि रूथ रेंडेल, पी. डी. जेम्स व व्हॅल मॅकडर्मिड या ब्रिटिश रहस्यकथालेखिकांची एकेक. हॅरी पॉटर मुद्दामच घेतला नाही. मुलांसाठी लिहिलेली जादूची गोष्ट आणि मोठ्यांसाठी लिहिलेली खुनाची गोष्ट यांची तुलना केली, तर लेखकापेक्षा साहित्यप्रकारातलाच फरक मोजला जायचा.

कसोट्या चार होत्या. पहिली, शब्दांची लांबी: किती शब्द दोन अक्षरी, किती तीन, किती दहा. दुसरी, सर्वाधिक वापरातले शंभर शब्द आणि त्यांचे प्रमाण. तिसरी, शेजारी शेजारी येणाऱ्या शब्दांच्या जोड्या. चौथी कसोटी वरवर पाहता निरर्थकच वाटते. शब्द कुठे संपतो याची फिकीर न करता मजकुरातली सलग चार अक्षरे उचलायची, एक अक्षर पुढे सरकून पुन्हा चार, अशी पुस्तक संपेपर्यंत. कोणती चौकडी किती वेळा आली याचा तक्ता झाला की त्यात लेखकाचे आवडते प्रत्यय, वळणे, विरामचिन्हांच्या सवयी आपोआप उतरतात.

चारही कसोट्यांनी एकमुखाने रोलिंग यांचे नाव घेतले, असे मात्र झाले नाही. एखाद्या कसोटीत दुसरीच लेखिका पुढे होती. पण प्रत्येक कसोटीत पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकावर राहिलेले नाव एकच होते, रोलिंग. जुओलांनी तेवढेच कळवले. वृत्तपत्राने थेट विचारणा केली, तेव्हा रोलिंग यांनी कबुली दिली. मूळ वाच्यता त्यांच्या वकिलांच्या कार्यालयातून झाली होती, हे पुढे उघड झाले.

या शास्त्राला शैलीमापन म्हणतात. त्याचा पाया एका साध्या निरीक्षणावर आहे. लेखक नामे, क्रियापदे, विशेषणे निवडून घेतो आणि विषय बदलला की तीही बदलतात. पण ‘आणि’, ‘पण’, ‘तर’, ‘म्हणून’, ‘सुद्धा’ हे किरकोळ शब्द तो निवडत नाही, ते हाताच्या सवयीने पडतात. प्रेमकथा असो की अग्रलेख, त्यांचे प्रमाण फारसे हलत नाही. वाचकाचेही त्यांच्याकडे लक्ष जात नाही, त्यामुळे नक्कल करणारा नेमका इथेच उघडा पडतो.

कल्पना जुनी आहे. मदुराईत जन्मलेले इंग्रज गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८५१मध्ये एका पत्रात सुचवले होते, की बायबलमधल्या पत्रांचा कर्ता कोण हा वाद शब्दांची सरासरी लांबी मोजून सोडवता येईल. १८८७मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ टी. सी. मेंडेनहॉल यांनी डिकन्स आणि थॅकरे यांच्या शब्दलांबीचे आलेख काढले. पण सरासरी दगा देऊ शकते, हे पुढच्या शतकात कळले.

अमेरिकेची राज्यघटना लोकांनी स्वीकारावी म्हणून १७८७-८८मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ निबंध छापले गेले. लिहिणारे तिघे होते: अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. त्यांतल्या १२ निबंधांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघांच्याही बाजूने दावा होता. १९४१मध्ये संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर यांनी एका सहकाऱ्यासोबत दोघांच्या वाक्यांची लांबी मोजली. हॅमिल्टनची सरासरी ३४.५५ शब्द, मॅडिसनची ३४.५९. सगळी मेहनत पाण्यात!

पुढे मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी वाक्ये सोडून शब्द धरले. संगणक तेव्हा बाल्यावस्थेत होते. एकेक शब्द टंकलिखित करून त्याच्या चिठ्ठ्या कापायच्या आणि वर्णानुक्रमे लावायच्या, असाही उद्योग झाला. कुणी जोराने श्वास सोडला तरी चिठ्ठ्या उडत आणि उडवणाऱ्याशी कायमचे वैर होई, अशी आठवण त्यांनी नोंदवली आहे. या खटाटोपातून हाती लागलेला एक शब्द होता ‘अपॉन’. हॅमिल्टन तो हजार शब्दांत साधारण तीनदा वापरत, मॅडिसन चार-पाच हजार शब्दांत जेमतेम एकदा. असे तीस शब्द निवडून दोघांनी प्रत्येक निबंधाची शक्यता काढली. १९६४मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की बाराही निबंध मॅडिसनचेच. सर्वांत कच्चा निकाल ५५व्या निबंधाचा, आणि तोही ८० विरुद्ध १ असा मॅडिसनच्या बाजूने.

पण या निकालाची भाषा नीट वाचायला हवी. हॅमिल्टन की मॅडिसन, या दोघांतून निवड करायची होती. गॅलब्रेथच्या वेळी चौघींतून. संशयित कोण हे इतिहासाने किंवा निनावी कुजबुजीने आधीच सांगितलेले असते, शैलीमापन त्यांतला जवळचा कोण एवढेच दाखवते. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड फॉस्टर यांना याचे दोन्ही अनुभव आले. १९९६मध्ये निनावी छापलेल्या ‘प्रायमरी कलर्स’ या राजकीय कादंबरीचा लेखक पत्रकार जो क्लाइन असल्याचे त्यांनी सांगितले. क्लाइन यांनी साफ नाकारले आणि काही महिन्यांनी कबूल केले. याच फॉस्टरनी १६१२मधले एक शोककाव्य शेक्सपिअरचे ठरवले होते. ते जॉन फोर्ड यांचे असल्याचे २००२मध्ये त्यांना मान्य करावे लागले. शिवाय मजकूर तोकडा असेल किंवा कुणी जाणूनबुजून दुसऱ्याच्या शैलीत लिहीत असेल, तर कसोट्या डगमगतात.

संशयितांच्या यादीचा प्रश्न किती गंभीर आहे, हे मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या टोपणनावावरून कळते. १९३३मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. शिकलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींची घुसमट इतक्या उघडपणे मांडणारी ही विभावरी शिरूरकर कोण? त्या निघाल्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. त्या वेळी संगणक असता आणि त्याला फक्त नामवंत कथाकारांची यादी दिली असती, तर त्याने त्यांतलाच सर्वांत जवळचा एक बिनदिक्कत पुढे केला असता. बाळूताई यादीत असायला त्या कथाकार म्हणून माहीत तरी असायला हव्या होत्या. म्हणून अलीकडचे अभ्यासक प्रश्नच बदलतात. ‘यांपैकी कोण?’ असे न विचारता ‘हे दोन मजकूर एकाच हातचे आहेत का?’ असे विचारतात, आणि ‘सांगता येत नाही’ हे उत्तरही ग्राह्य धरतात.

मराठीसाठी आणखी दोन अडचणी आहेत. इंग्रजीत किरकोळ शब्द सुटे असतात, आपल्याकडे बरेचसे नामाला चिकटतात. ‘घरापासूनसुद्धा’ हा एकच शब्द मोजला, तर लेखकाची ‘सुद्धा’ची सवय निसटते. आधी शब्द फोडावे लागतात, किंवा अक्षरांच्या चौकडीवर भिस्त ठेवावी लागते. आणि तिथेच दुसरी अडचण उभी राहते. १९६२मध्ये साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले, अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि पुढे जुनी पुस्तके नव्या नियमांनी छापली जाऊ लागली. विभावरींच्या कथा तपासायच्या तर १९३३ची मूळ प्रत हवी. नंतरची आवृत्ती घेतली, तर मुद्रितशोधकाने काढलेले अनुस्वार आणि बदललेले ऱ्हस्व-दीर्घ लेखिकेच्या खात्यावर जमा होतील, आणि आपण मोठ्या आत्मविश्वासाने मुद्रितशोधकाचीच शैली मोजून मोकळे होऊ.