कंट्रोल-बी म्हणजे दोन

कीबोर्डवर कंट्रोल धरून बी दाबा. टर्मिनलमधून पुढे काय जातं? फक्त 2 हा आकडा. कंट्रोल दाबलं होतं, बी दाबलं होतं, अशा दोन वेगळ्या बातम्या जात नाहीत. एक बाइट जाते आणि तिच्यात दोन लिहिलेलं असतं.

1963 साली ठरलेल्या आस्की संकेतात कॅपिटल ए चा क्रमांक 65 आणि बी चा 66, म्हणजे 64 अधिक 2. कंट्रोलचं काम एवढंच की वरचे बिट पुसायचे आणि खालचे पाच ठेवायचे. चौसष्ट गेले, दोन उरले. याच हिशेबानं कंट्रोल-ए म्हणजे 1. आय हे नववं अक्षर, म्हणून कंट्रोल-आय म्हणजे 9, आणि 9 हा टॅबचा क्रमांक आहे. एम तेरावं, आणि 13 म्हणजे एंटर. उघडणाऱ्या चौकोनी कंसाचा क्रमांक 91. त्यातून 64 गेले की राहतात 27, म्हणजे एस्केप. विश्वास बसत नसेल तर टर्मिनलमध्ये एखादी आज्ञा लिहा आणि एंटरऐवजी कंट्रोल-एम दाबा. आज्ञा चालेल.

हे सगळं मला कळलं ते टीमक्समुळे. कंट्रोल-आय हा मोकळा दिसणारा शॉर्टकट मी तिथे एका कामाला लावला, आणि त्या क्षणापासून टॅब दाबलं की तेच काम व्हायला लागलं. बिघाड कुठेच नव्हता. दोन वेगळी बटणं एकच आकडा पाठवत होती. किती वर्षं रोज या बटणांवर बोटं ठेवत होतो, आणि बटण म्हणजे काय हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

टीमक्स म्हणजे टर्मिनल मल्टिप्लेक्सर. एका टर्मिनलच्या पोटात अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम. पडद्याचे कप्पे पाडता येतात, एकावर एक विंडो ठेवता येतात, आणि हे सगळं एका सेशनमध्ये बांधून बाजूला ठेवता येतं. निकोलस मॅरियट यांनी तो 2007 मध्ये पहिल्यांदा बाहेर आणला. 2009 मध्ये ओपनबीएसडीनं तो आपल्या मूळ संचात घेतला. त्याआधी वीस वर्षं हे काम ग्नू स्क्रीन करत होता. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ओलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी 1987 मध्ये तो लिहिला.

लांबच्या सर्व्हरवर काम चालू असताना इकडे वीज गेली किंवा नेट तुटलं, तर एरवी चालू प्रोग्राम मरतो. युनिक्स त्याला एक सिग्नल पाठवते. त्याचं नाव हँग-अप, म्हणजे फोन ठेवला. टर्मिनलं फोनच्या तारेवरून मोडेमनं जोडलेली असायची त्या दिवसांचं ते नाव. टीमक्स चालू असेल तर हा निरोप तुमच्या कामापर्यंत पोचतच नाही. टीमक्सचे दोन भाग असतात. एक सर्व्हर, जो पडद्याआड राहतो आणि आतली सगळी टर्मिनलं आपल्या हातात धरून असतो; दुसरा क्लायंट, जो फक्त तुम्हाला चित्र दाखवतो आणि तुमच्या बटणांचे आकडे आत पोचवतो. तार तुटली की क्लायंट जातो. आतल्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. त्याचं टर्मिनल जागेवरच असतं, कारण ते टर्मिनल म्हणजे टीमक्सच.

म्हणजे तुमचं बोट आणि तुमचा प्रोग्राम यांच्यामध्ये टीमक्स बसलेला आहे आणि जाणारा-येणारा प्रत्येक आकडा त्याच्या हातून जातो. शॉर्टकट बदलणं आणि रूप बदलणं या दोन्ही गोष्टी त्याच्या याच जागेमुळे शक्य होतात.

जाणारे आकडे आधी पाहू. टीमक्सला एक अडचण आहे: आलेला आकडा आपल्यासाठी की आतल्या प्रोग्रामसाठी, हे ओळखायचं कसं? त्यासाठी एक बटण राखून ठेवलेलं असतं. त्याला प्रिफिक्स म्हणतात. मूळचा प्रिफिक्स आहे कंट्रोल-बी, आपला तो 2. तो आला की टीमक्स शॉर्टकटांचा दुसरा तक्ता उघडतो, पुढचं एकच बटण त्यात शोधतो आणि तक्ता मिटतो. कंट्रोल-बी, मग डी: सेशन डिटॅच, म्हणजे बाजूला. कंट्रोल-बी, मग झेड: एक कप्पा पडदाभर मोठा. कंट्रोल-बी, मग प्रश्नचिन्ह: सगळ्या शॉर्टकटांची यादी.

बी च का? स्क्रीनचा प्रिफिक्स कंट्रोल-ए होता आणि सुरुवातीचा टीमक्स स्क्रीनच्या आतच लिहिला जात होता. दोघांची टक्कर नको म्हणून शेजारचं अक्षर घेतलं. आज जगभरातली बोटं कंट्रोल-बी वर ताणली जातात ती त्या एका सोयीसाठी.

म्हणून पुष्कळ लोक पहिला बदल करतात तो हाच: प्रिफिक्स पुन्हा कंट्रोल-ए. बोटाला ए जवळ, आणि कॅप्स लॉकचं बटण कंट्रोल करून घेतलं तर दोन्ही अगदी शेजारी. हा शेजारही जुना आहे. लिअर सीगलर कंपनीचं एडीएम-3ए नावाचं टर्मिनल 1976 च्या सुमारास आलं; त्यावर कंट्रोल ए च्या डावीकडेच होतं, आज कॅप्स लॉक असतं तिथे. त्याच टर्मिनलच्या एच, जे, के, एल या बटणांवर बाण छापलेले होते. बिल जॉय यांनी व्हीआय हा एडिटर त्यावर लिहिला आणि ती चार अक्षरं डावं, खाली, वर, उजवं म्हणून कायमची झाली. आज कुणी आपल्या कॉन्फिग फाइलमध्ये या चार अक्षरांवर कप्प्यांतली ये-जा बांधतो, तेव्हा त्या बटणांवरचे बाण पुन्हा जागे होतात. मला हे विलक्षण वाटतं. ते यंत्र मी कधी पाहिलेलं नाही, पण माझ्या बोटांना त्याचा नकाशा पाठ आहे.

अर्थात तक्ता भरलेला आहे. नवं काही ठेवायचं तर जुनं उठवावं लागतं. एल वर आधी 'मागच्या विंडोकडे जा' होतं, ते जातं. कंट्रोल-ए प्रिफिक्स केलं की बॅश या शेलमध्ये ओळीच्या सुरुवातीला नेणारं कंट्रोल-ए टीमक्स गिळतो. म्हणून आणखी एक ओळ लिहावी लागते, की प्रिफिक्स दोनदा दाबला तर एक आत जाऊ दे. कप्पे पाडण्याचे मूळ शॉर्टकट आहेत % आणि ". पहिल्यानं डावा-उजवा असे दोन कप्पे होतात, दुसऱ्यानं वरचा-खालचा. का, ते ती चिन्हं पाहून सांगता येत नाही. त्या जागी उभ्या विभागणीसाठी | आणि आडवीसाठी - ठेवा. जी रेघ दाबाल तीच पडद्यावर उमटते. मला विचाराल तर सगळ्या बदलांत सगळ्यात सुंदर हाच: चिन्ह आणि काम यांचा चेहरा एक झाला.

हे सगळं लिहायचं एका साध्या मजकुराच्या फाइलीत, घरच्या फोल्डरमध्ये, नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या. इथे नवी माणसं हमखास अडखळतात. फाइल बदलली तरी काहीच होत नाही, कारण टीमक्सचा सर्व्हर ती फक्त स्वतः सुरू होताना वाचतो. पुन्हा वाचायला लावली तर नव्या ओळी लागू होतात. पण ज्या ओळी तुम्ही पुसल्या त्यांचा परिणाम मात्र तसाच राहतो! ती फाइल एकापाठोपाठ दिलेल्या हुकमांची यादी आहे. 'एल वर हे काम बांध' हा हुकूम सर्व्हरनं काल पाळला आहे. आज यादीत तो दिसला नाही, म्हणून तो सोडवत नाही. सोडवायचं असेल तर 'सोड' असा वेगळा हुकूम द्यावा लागतो.

आता सगळ्यात नाजूक जागा. वरचा बाण दाबला की एक आकडा जात नाही, साधारणपणे तीन जातात: 27, 91, 65. एस्केप, चौकोनी कंस, ए. पण नुसतं एस्केप दाबलं तरी 27 च जातो. टीमक्सच्या हातात 27 पडला की त्याला कळायचं कसं, हे पूर्ण एस्केप आहे की बाणाची सुरुवात? पुढचं काही येतं का हे पाहण्यासाठी थांबण्याखेरीज दुसरा उपाय नाही. किती थांबायचं ते फाइलीत ठरवता येतं, आणि बराच काळ ते मुळात 500 मिलिसेकंद होतं. व्हिम या एडिटरमध्ये एस्केप दाबणाऱ्या माणसाला हा अर्धा सेकंद टोचतो. बोटं पुढे गेलेली असतात आणि पडदा मागे रेंगाळतो. हे थांबणं मुळात वेडेपणाचं नव्हतं. 300 बॉडच्या मोडेमवर सेकंदाला जेमतेम 30 अक्षरं यायची. बाणाचे तीन तुकडे पोचायलाच एक दशांश सेकंद लागायचा. आज ते तिन्ही एकत्र येतात, म्हणून हा आकडा बिनधास्त 10 वर आणता येतो. नव्या आवृत्तीत तोच मूळ धरला आहे. एक ओळ बदलली आणि एस्केप झटक्यात लागू व्हायला लागलं, तो दिवस मला चांगला आठवतो.

आता येणारे आकडे, म्हणजे रूप. टर्मिनलचा पडदा ही शाळेतली चौकटीची वही आहे. एका चौकटीत एक अक्षर, त्या अक्षराचा रंग आणि मागचा रंग. टीमक्स प्रत्येक कप्प्यासाठी अशी एक वही स्वतःकडे भरून ठेवतो. पुन्हा जोडून घेतल्यावर कालचा पडदा जसाच्या तसा दिसतो तो या वहीतून उतरवलेला असतो. कप्प्यांमधल्या बारीक रेघाही रेघा नसतात. ती युनिकोडमधली रेघेच्या आकाराची अक्षरं असतात, चौकटीमागून चौकट लिहिलेली.

रंगसुद्धा अक्षरांच्या त्याच ओघातून येतो. एस्केप, चौकोनी कंस, 42, मग एम: यानंतर जे लिहाल त्याची पार्श्वभूमी हिरवी. टीमक्सची तळाची ती प्रसिद्ध हिरवी पट्टी अशीच रंगते. ती आवडत नसेल तर 256 रंगांचा एक डबा हाताशी आहे, आणि त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. पहिले 16 रंग जुने, नावानिशी ओळखीचे. शेवटचे 24 करड्याच्या छटा. मधले 216 म्हणजे सहा गुणिले सहा गुणिले सहा: लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या. समजा पट्टीला झेंडूचा नारिंगी हवा. लाल पुरता, 5. हिरवा थोडा, 2. निळा शून्य. लालची पायरी 36 ची, म्हणून 180. हिरव्याची 6 ची, म्हणून 12. सुरुवातीचे 16 मिळवा. 208. फाइलीत पार्श्वभूमी म्हणून कलर208 लिहा, आणि दसऱ्याच्या तोरणाचा रंग पडद्याच्या तळाशी येऊन बसतो. हिरवा 2 वरून 4 केला तर 220, पिवळ्या झेंडूच्या जवळचा. रंग तोंडी गणितानं काढता येतात हे कळल्यापासून मी रंगांचा तक्ता उघडलेला नाही.

पट्टीत काय लिहायचं तेही तुमच्या हातात. उजव्या टोकाला मुळात वेळ आणि तारीख असते. तिथे टक्क्याचं चिन्ह आणि कॅपिटल ए लिहिलं की वाराचं नाव येतं. टीमक्स हे नाव स्वतः ठरवत नाही, तो संगणकाच्या भाषेच्या मांडणीला विचारतो. त्या संगणकावर मराठीची मांडणी, म्हणजे लोकेल, बसवलेली असेल आणि वेळेसाठी तीच निवडलेली असेल, तर उत्तर मराठीत येतं: सोमवार, मंगळवार, बुधवार.

आणि इथे आपली लिपी त्या चौकटीच्या वहीत उतरते. 'शुक्रवार' यात आपण अक्षरं मोजतो चार: शु, क्र, वा, र. टर्मिनलचा रुळलेला हिशेब वेगळा आहे. श ची एक चौकट. उकार खाली लागतो, त्याला जागा नाही. क ची एक, हलन्ताची शून्य, र ची एक. जोडाक्षर झालं तरी दोन चौकटी धरलेल्याच. व ची एक, काना शेजारी उभा राहतो म्हणून त्याची एक, शेवटच्या र ची एक. एकूण सहा. 'गुरुवार' यात दोन उकार आहेत आणि दोन्ही फुकट, म्हणून पाचच.

पट्टी मुळात दर 15 सेकंदांनी स्वतःला पुन्हा लिहिते आणि तिचं उजवं टोक पडद्याच्या कडेला टेकलेलं असतं. रात्री उशिरापर्यंत काम करत बसलो असलो की गुरुवारी बारा वाजताना माझी नजर तिथे जाते. बारा होऊन गेल्यावरही काही सेकंद गुरुवार तिथेच असतो. मग पट्टी नव्यानं लिहिली जाते, आणि शुक्रवारातल्या 'क्र'ला जागा द्यायला तिथला मजकूर एक चौकट डावीकडे सरकतो.